दगड सुटण्याआधी : सुळक्यांवरच्या ढिल्या कातळाविषयी वाचकांचे प्रश्न

दसरा झाला की सह्याद्रीत प्रस्तरारोहणाचा हंगाम सुरू होतो, आणि पावसाळ्यात ढिले झालेले दगडही याच दिवसांत आरोहकांच्या हाताला लागतात. या विषयावर आलेली पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. उत्तरं आपल्याकडच्या बेसाल्टपुरती आहेत. बदामीचा वालुकाश्म किंवा हंपीचा ग्रॅनाइट वेगळ्या रीतीने फुटतो, त्याला हे सगळं जसंच्या तसं लावू नये.

प्रश्न : ड्यूक्स नोज, वानरलिंगी, लिंगाणा या वाटांवर वर्षानुवर्षं माणसं चढताहेत. जे पडायचं ते एव्हाना पडून गेलं असेल ना? मग या वाटा कमी वावराच्या वाटांपेक्षा सुरक्षित समजायच्या का? (पिंपरी)

हाताला सहज लागणारे लहान दगड गेलेले असतात, एवढाच फायदा. मोठ्या ढिल्या भागांबद्दल वर्दळ काहीच सांगत नाही. अमेरिकेतल्या योसेमिटीत हाफ डोमच्या वायव्य भिंतीवरची मुख्य वाट 1957 साली पहिल्यांदा चढली गेली. त्यानंतर ती जगभरच्या आरोहकांची आवडती झाली. जुलै 2015 च्या सुरुवातीला, पावसानंतर, त्या भिंतीवरचा एक अवाढव्य पापुद्रा कोसळला आणि त्याच्यासोबत अकराव्या-बाराव्या पिचचा (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीत चढायचा हिस्सा) भागच गेला. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं म्हणून माणसं वाचली. 58 वर्षं त्या पापुद्र्याने लोकांचं वजन पेललं होतं. माणसाचं वजन अशा तुकड्याच्या हिशेबात नगण्य असतं. त्याला पाणी, ऊन आणि मुळं ढिलं करतात.

सह्याद्रीची अडचण आणखी वेगळी आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर इथे एकावर एक बसले आहेत, आणि प्रत्येक थराचा स्वभाव निराळा आहे. घट्ट काळा बेसाल्ट उभ्या भेगांनी खांबांसारखा चिरलेला असतो. त्याच्या वरखाली सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांचा ठिसूळ थर येतो. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो, भूशास्त्रात त्याला रेड बोल म्हणतात. हा पट्टा पाण्याने मऊ होतो, झिजतो, आत जातो, आणि वरचे खांब तळाचा आधार सुटून लटकत राहतात. म्हणून कड्याकडे पाहताना आधी विटकरी रेघ शोधा. रेघेच्या लगेच वरचा टप्पा कितीही काळाकुळकुळीत आणि दणकट दिसो, सगळ्यांत जास्त संशय त्याच्यावर घ्यायचा.

दर पावसाळ्यात हा हिशेब नव्याने मांडला जातो. मागच्या मार्चमध्ये पक्का असलेला होल्ड (हातापायाला आधार देणारा दगड किंवा खाच) या नोव्हेंबरमध्येही पक्का असेल असं धरून चालू नका. हंगामातला पहिला गट जातो तेव्हा वाट कितीही प्रसिद्ध असली तरी ती अनोळखी समजून चढावी.

प्रश्न : होल्ड पक्का आहे की ढिला, हे वजन टाकण्याआधी कसं ओळखायचं? (नाशिक)

आधी डोळे, मग कान, मग हात, हा क्रम मोडू नये.

डोळ्यांनी भेग पाहायची. दगडाच्या एका बाजूला भेग असेल तर तो बहुधा अंगच्या कातळाचाच भाग असतो. दोन बाजूंना असेल तर सावध व्हायचं. चारी बाजूंनी रेघ फिरलेली दिसली तर तो दगड भिंतीचा राहिलेला नाही, फक्त तिथे ठेवलेला आहे. भेगेत ताजी माती, गवताच्या मुळ्या किंवा ओल असेल तर पाणी मागपर्यंत जातंय. बेसाल्टचा जुना पृष्ठभाग तपकिरी-काळा असतो, त्यावर दगडफुलाचे ठिपके असतात. ताजा तुटलेला भाग निळसर करडा आणि स्वच्छ दिसतो. भिंतीवर असा करडा डाग दिसला की तिथून अलीकडेच काही सुटलंय, आणि त्याच्या शेजारचे दगड आधार गमावून बसलेत, असं समजा.

मग ठोकून ऐकायचं. मुठीच्या खालच्या भागाने, किंवा हातोडी असेल तर तिने हलकेच. घट्ट कातळ खणखणीत वाजतो. सुटलेला पापुद्रा बद्द वाजतो, रिकाम्या डब्यासारखा. दुसऱ्या हाताचा तळवा त्याच दगडावर टेकवून ठेवला तर ठोक्याची थरथर हाताला कळते. आवाजात शंका असेल तेव्हा ही थरथर जास्त खरं सांगते.

शेवटी ओढून पाहायचं, तेही खालच्या दिशेने आणि थोडंथोडं. इथे नवे आरोहक चुकतात. फडताळासारखा बसलेला दगड खाली दाबला तर टिकतो आणि बाहेर ओढला तर खणासारखा हातात येतो. खांबाखांबांच्या बेसाल्टवर तर हे हमखास घडतं. संशयाच्या टप्प्यावर शरीर भिंतीलगत ठेवा, वजन पायांवर ठेवा आणि चारही आधारांत वाटून घ्या. एक सुटला तरी उरलेले तीन तोलून धरतील, अशा बेताने पुढे सरका.

पापुद्र्याच्या मागे कॅम (भेगेत बसवून दोर अडकवायचं, स्प्रिंगने पसरणारं साधन) लावणं ही आणखी एक नेहमीची चूक. आरोहक पडताना कॅम दोन्ही बाजूंना दाब देतो, आणि त्याची रचनाच अशी असते की हा दाब दोरावर आलेल्या झटक्याच्या साधारण दुप्पट असतो. झटका 5 किलोन्यूटनचा असेल तर पापुद्र्याला बाहेर ढकलणारा जोर 10 किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे जवळपास 1 टन वजनाएवढा. पापुद्रा सुटला तर आधारही जातो आणि तो दगड तुमच्या मागोमाग खाली येतो. त्यापेक्षा थोडं लांबून, जोखीम तोलून, पक्क्या भेगेपर्यंत जाणं बरं. तेही जमत नसेल तर खाली उतरा.

कारवीच्या झुडपांना धरून चढण्याची सवय मोडायला हवी. तिची मुळं उथळ असतात. झुडूप उपटताना मातीत अडकलेले चार दगडही सोबत येतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं खोल जातात खरी, पण तीच भेग रुंदावत असतात. झाड उपटणार नाही म्हणून ते ज्या दगडात रुजलंय तो सुटणार नाही असं नव्हे.

प्रश्न : बिले देणाऱ्याने (चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने) नेमकं कुठे उभं राहायचं? आमच्याकडे ‘भिंतीपासून लांब’ असं शिकवतात, दुसरा गट ‘भिंतीला चिकटून’ म्हणतो. (ठाणे)

दोघंही एकेका प्रकारच्या भिंतीपुरते बरोबर आहेत. भिंतीचा आकार पाहून ठरवायचं असतं, आणि आमच्या मते पूर्ण चढाईतला हाच सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय आहे.

भिंत बाहेर झुकलेली असेल, माथ्यावर छप्पर आलेलं असेल, तर दगड भिंतीपासून दूर पडतात. तिथे पायथ्याला चिकटून, छपराच्या आत उभं राहणं उत्तम. पण सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा तशा नसतात. उभा कातळ, मग गवताळ टप्पा, पुन्हा कातळ, पुन्हा टप्पा, अशी पायऱ्यांची रचना असते. वरून सुटलेला दगड अशा टप्प्यावर आपटतो आणि तिथून बाहेर उसळतो. अशा ठिकाणी पायथ्यापासून दहा-पंधरा मीटर मागे गेलेला माणूस नेमका त्याच्या वाटेत येतो. तिथे लांब जाणं उपयोगी पडत नाही, बाजू उपयोगी पडते. लीड करणाऱ्याच्या (सगळ्यांत पुढे चढणाऱ्याच्या) सरळ रेषेतून डावीकडे किंवा उजवीकडे सरका आणि शक्यतो कातळाच्या एखाद्या सोंडेमागे उभे राहा.

जागा नक्की करण्याआधी जमीन वाचा. वाळक्या गवतावर किंवा सुक्या पानांवर वरवर पडलेला, मातीत न रुतलेला दगड याच हंगामात आलेला असतो. त्याच्यावर शेवाळ किंवा दगडफूल नसेल तर खात्रीच. खालच्या मोठ्या धोंड्यांवर पांढरट चेचलेल्या खुणा, झाडांच्या कड्याकडच्या बाजूची सोललेली साल, मोडलेल्या फांद्या, या सगळ्या खुणा दगड कुठे आपटतात ते सांगतात. अशा पट्ट्यात सॅक ठेवू नका, दोर मोकळा करू नका, डबा उघडून जेवायला तर मुळीच बसू नका. सप्टेंबर 2017 मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटनवरून दरड कोसळली, त्यात जीव गमावलेला आरोहक त्या वेळी भिंतीवर नव्हता, पायथ्याशी होता. दुसऱ्याच दिवशी त्याच भिंतीवरून आणखी मोठी दरड आली.

हातात वेळ किती असतो तेही लक्षात ठेवा. 20 मीटरवरून सुटलेला दगड 2 सेकंदांत खाली येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या आसपास असतो. 45 मीटरवरून आला तर 3 सेकंद आणि ताशी 107 किलोमीटर. ओरडणं, ते ऐकणं, समजणं यातच निम्मा वेळ जातो. उरलेल्या वेळात पळून कुठे जाता येत नाही. त्यामुळे उभं राहण्याची जागा आधीच बरोबर असावी लागते.

बिलेच्या साधनाचाही प्रश्न आहे. बिले देणाऱ्यालाच दगड लागला आणि त्याचा हात सुटला तर साधं ट्यूब डिव्हाइस दोर धरून ठेवत नाही. ढिल्या कातळाच्या वाटांवर ग्रिग्रीसारखं, झटका आल्यावर दोर आपोआप आवळणारं साधन वापरावं. ते असलं तरी ब्रेकचा हात दोरावरून काढायचा नाही. मल्टिपिचवर स्टेशन (दोन पिचच्या मधली, अँकरला बांधून थांबण्याची जागा) पुढच्या पिचच्या बरोबर खाली नको. छपराखाली किंवा दोन-तीन मीटर बाजूला घ्या आणि लीड करणाऱ्याला आधी आडवं जाऊ द्या. दोन हाफ रोप (जोडीने वापरायचे बारीक दोर) वापरले तर एक दगडाने कापला गेला तरी दुसरा उरतो.

प्रश्न : बांधकामावरचं पिवळं हेल्मेट किंवा सायकलचं हेल्मेट चालेल का? चांगलं हेल्मेट महाग पडतं. (कोल्हापूर)

चालणार नाही. बांधकामाच्या हेल्मेटची हनुवटीची पट्टी युरोपीय मानकानुसार 15 ते 25 किलोच्या ओढीलाच सुटावी अशी केलेली असते, म्हणजे कुठे अडकलं तर गळफास बसू नये. आरोहणाच्या हेल्मेटची पट्टी 50 किलोची ओढ सोसते. पडताना पहिल्या आपटीतच पिवळं हेल्मेट डोक्यावरून उडतं आणि दुसरी आपटी उघड्या डोक्यावर बसते. सायकलचं हेल्मेट रस्त्यावर पडण्यासाठी असतं. वरून येणारा टोकदार दगड त्याच्या हवेच्या खाचांतून आत शिरू शकतो. मोटरसायकलच्या हेल्मेटने मान वर होत नाही आणि ‘दगड’ ही हाकही नीट ऐकू येत नाही.

आतल्या बाजूला ‘ईएन 12492’ हा शिक्का पाहून घ्या. या चाचणीत 5 किलोचं वजन 2 मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर टाकतात आणि डोक्यापर्यंत पोचणारा जोर 10 किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. ही ऊर्जा 98 जूल होते. अर्ध्या किलोचा दगड 20 मीटरवरून आला की बरोबर तेवढीच ऊर्जा घेऊन येतो. क्रिकेटच्या चेंडूएवढा बेसाल्टचा गोळा साडेपाचशे ग्रॅमच्या पुढेच भरतो. म्हणजे चेंडूएवढा दगड 20 मीटरवरून आला की तुमचं उत्तम हेल्मेट आपल्या चाचणीच्या टोकाला पोचतं. नारळाएवढ्या दगडापुढे कोणतंच हेल्मेट पुरणार नाही.

दगडाचा धोका जास्त असेल तिथे जाड प्लास्टिकच्या कवचाचं हेल्मेट फक्त फोमच्या हलक्या हेल्मेटपेक्षा बरं, शिवाय ते स्वस्तही असतं. ते कपाळ झाकून घाला, मागे सरकवून नको. त्यावर रंग किंवा थिनर लावू नका. एक जोराचा फटका बसला की बाहेरून तडा दिसो न दिसो, ते बाद करा. फटका बसलाच नाही तरी बहुतेक कंपन्या प्लास्टिकच्या हेल्मेटचं आयुष्य 10 वर्षांपर्यंतच धरतात, ते उत्पादनाच्या तारखेपासून मोजायचं.

प्रश्न : माकडं खरंच दगड टाकतात का? (कर्जत)

मुद्दाम नाही, पण टाकतात. कड्याच्या घसाऱ्यावरून वानरांची टोळी धावली की सुटे दगड खाली येतात. माथ्यावर चरणाऱ्या शेळ्यांमुळेही तेच होतं. चढाईआधी माथा नजरेखाली घाला. टोळी दिसली तर ती पुढे सरकेपर्यंत पायथ्यावरून बाजूला थांबा. हुसकावायला ओरडू नका, त्याने ती आणखी पळतात. त्याच कड्यावर आग्यामोहोळ असेल तर आरडाओरड दुप्पट महागात पडते.

प्रश्न : जुन्या वाटांवर आधीच्या लोकांनी मारलेल्या मेखा आणि बोल्ट आहेत. त्यांच्यावर विसंबावं का? (पुणे)

प्रश्न दोन आहेत आणि लोक पहिलाच विचारतात. पहिला, लोखंड टिकलंय का. कोकणाकडच्या कड्यांवर पावसाने साधं पोलाद लवकर गंजतं, आणि गंज आत, भोकाच्या तोंडाशी, जास्त असतो. हँगर (बोल्टवरची दोर अडकवायची पट्टी) हाताने फिरत असेल, नट ढिला असेल, बोल्टभोवती तांबूस ओघळ उतरला असेल तर तो बाद.

दुसरा प्रश्न, तो ज्या दगडात मारलाय तो दगड टिकलाय का. नवाकोरा 10 मिलिमीटरचा बोल्ट फ्रीजएवढ्या सुट्या दगडात मारलेला असेल तर त्याची ताकद शून्य. बोल्टच्या भोवती दोन हात अंतरापर्यंत ठोकून पाहा आणि भेगा हाताने माग काढत तपासा. बोल्ट कड्याच्या धारेपासून किंवा भेगेपासून निदान वीतभर आत असावा. स्टेशनवर दोन बोल्ट असतील तर ते एकाच सुट्या ठोकळ्यात आहेत का ते पाहा. एकाच ढिल्या दगडातले दोन बोल्ट म्हणजे एकच अँकर, स्लिंगने वजन कितीही नीट वाटून घेतलं तरी. अशा वेळी तिसरा आधार वेगळ्या, पक्क्या कातळात घ्यायचा. नवीन बोल्ट मारणाऱ्यांनी सच्छिद्र आणि खड्याखड्यांच्या थरात तो मारूच नये, वर किंवा खाली घट्ट थर शोधावा.

प्रश्न : रॅपलिंग करताना (दोरावरून उतरताना) दगड जास्त का पडतात? (लोणावळा)

कारण दोर स्वतः दगड पाडतो. ताणलेला दोर डावीउजवीकडे सरकला की धारेवरचे सुटे दगड झाडूसारखे लोटतो. म्हणून पहिला उतरणारा अनुभवी असावा. त्याने दोराच्या रेषेतले लहान दगड टप्प्याच्या मागच्या बाजूला सरकवत जायचं आणि सरळ रेषेत उतरायचं, झोके घ्यायचे नाहीत. गवताळ टप्प्यांच्या भिंतीवर दोर फेकण्यापेक्षा पिशवीत भरून सोबत नेलेला बरा. प्रत्येकाला प्रुसिकचा (वजन आल्यावर दोरावर आवळणाऱ्या गाठीचा) बॅकअप हवा, दगड लागून हात सुटला तरी माणूस जागच्या जागी थांबतो. उतरलेल्या माणसाने आधी बाजूला जायचं, मग ‘रोप फ्री’ म्हणायचं. हा क्रम उलटा झाला की वरचा निघतो आणि खालचा अजून त्याच्या खालीच असतो.

शेवटी दोर ओढून घेताना त्याचं सुटं टोक चाबकासारखं येतं आणि दगड घेऊन येतं. ओढणारा एकटाच, तोही आडोशाला, बाकी सगळे दूर, आणि हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर. मग दोर हातातून फिरवून तपासा. एखाद्या जागी तो वाकवल्यावर गोल वळण न घेता चपटा दुमडला, किंवा वेष्टण फाटून आतले पांढरे धागे दिसले, तर तो दोर तिथे संपला.

शनिवार-रविवारी एकाच कड्यावर तीन-तीन गट उतरत असतात. वरच्या गटाचा शेवटचा माणूस खाली येऊन बाजूला होईपर्यंत दुसऱ्या गटाने त्या रेषेखाली उभं राहू नये, मग कितीही उशीर होवो.

प्रश्न : ‘दगड!’ असं ऐकू आलं तर वर पाहायचं की नाही? (डोंबिवली)

भिंतीलगत असाल तर नाही. चेहरा वर केला की हेल्मेट मागे जातं आणि दगड तोंडावर बसतो. अंग भिंतीला चिकटवा, खांदे वर उचला, हनुवटी छातीशी, हात डोक्यावर नकोत. सॅक पाठीवर असेल तर तिचा वरचा भाग मानेला आडोसा देतो. भिंतीपासून लांब, मोकळ्यावर असाल आणि दगड खूप वरून येत असेल तर मात्र पाहा, पण लगेच पळू नका. शेवटच्या टप्प्यावर आपटून तो दिशा बदलतो, ती दिशा कळली की एक पाऊल बाजूला होणं पुरतं. हाक प्रत्येक वेळी द्या, सुपारीएवढा खडा असला तरी, पाण्याची बाटली पडली तरी.

प्रश्न : पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी चढावं? आणि कोरड्या दिवसांत दगड का पडतात? (सातारा)

दिवसांचा आकडा सांगण्यापेक्षा कडा पाहावा. भेगांतून पाझर चालू असेल, विटकरी पट्टा ओला गडद दिसत असेल, तोवर थांबा. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली तरी पाझर सुकेपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन कडक उन्हाचे दिवस, जाऊ द्यावेत असं आमचं मत.

कोरड्या दिवसांचं कारण ऊन आहे. पातळ पापुद्रा तापतो, फुगतो, रात्री आकसतो. योसेमिटीत 19 मीटर उंच आणि फक्त 10 सेंटिमीटर जाड अशा ग्रॅनाइटच्या पापुद्र्यावर शास्त्रज्ञांनी साडेतीन वर्षं मोजमाप केलं. त्याची मागची भेग एका दिवसात जवळपास 1 सेंटिमीटरपर्यंत उघडझाप करत होती. रोजच्या या हालचालीने भेग हळूहळू पुढे सरकते. आपला बेसाल्ट वेगळा असला तरी डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांतला फरक मोठा असतो. कोकणाकडे तोंड असलेले पश्चिमेचे कडे दुपारी तापतात. तिथल्या अवघड पिच सकाळी उरकून घ्या.

प्रश्न : नळीच्या वाटेसारख्या घळीतून मोठा गट नेताना काय करावं? (अहिल्यानगर)

घळ म्हणजे दगडांचं नरसाळं, दोन्ही बाजूंचं सगळं मधोमध येतं. अंतर ठेवून लांबलचक रांग लावणं ही सगळ्यांत वाईट रीत, कारण वरच्याने सोडलेल्या दगडाला वेग घ्यायला जागा मिळते. एक तर चार-पाच जणांची तुकडी अगदी जवळजवळ चालवा, दगड सुटला तर लगेच खालच्याच माणसाने तो वेग घेण्याआधी पायाने थोपवावा. किंवा आडोशापासून आडोशापर्यंत एकेक तुकडी न्या आणि ती पोचेपर्यंत बाकीचे आडोशात थांबवा. शक्य तिथे तिरकं चढा, म्हणजे कोणी कोणाच्या बरोबर खाली येत नाही. सांधणसारख्या अरुंद दरीत बाजूला व्हायला जागाच नसते, तिथे हेल्मेटशिवाय गट आत नेऊ नये.

प्रश्न : दगड डोक्यात लागून माणूस जखमी झाला तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं? (मुंबई)

पहिला दगड एकटा येत नाही, म्हणून आधी उरलेल्यांना आडोशाला हलवा. लीड करणारा वर असेल तर बिलेचा दोर गाठ मारून बंद करा, मगच हात मोकळे करा. जखमी माणूस बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकत असेल तर त्याला लवकरात लवकर टप्प्यावर किंवा खाली आणा, लटकून राहणं स्वतःच जिवावर बेततं. श्वास मोकळा असेल तर हेल्मेट काढू नका आणि मान हलू देऊ नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, 10 मिनिटं उचलून पाहू नका. मात्र कवटी दबलेली वाटली तर थेट त्यावर जोर नको, कडेने कापड ठेवा. शुद्धीवर असला तरी उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, तेच तेच विचारणं, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याला चालवत नेऊ नका. ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्यालाही पुढचे 24 तास एकटं सोडू नये.

112 वर आणि रुग्णवाहिकेसाठी 108 वर कळवा. सांगताना गडाचं नाव, पायथ्याच्या गावाचं नाव, तुम्ही कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर आहात, जखमी किती, दोर आणि माणसं किती, हे एका दमात सांगा. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक घरून निघतानाच फोनमध्ये भरून ठेवावा आणि कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावा, कारण दरीत रेंज एकाच कुणाच्या तरी फोनला असते. पायथ्याच्या वाडीतली माणसं बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी पोचतात, त्यांनाही लगेच निरोप पाठवा.

प्रश्न : वाटेवर मोठा सुटा धोंडा सापडला तर तो ढकलून दिलेला बरा, म्हणजे मागून येणाऱ्यांचा धोका टळेल? (रोहा)

सहसा नाही. खाली गुराखी असतात, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका असतात, दुसऱ्या गावाची पायवाट असते. वरून झाडीत माणूस दिसत नाही. एक धोंडा खाली जाताना आणखी दहा सोडवतो आणि तो नेमका कुठे थांबेल ते कोणालाच सांगता येत नाही. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत आणि आसपासची जमीन वनखात्याची, तिथे दगड पाडणं हा अधिकाराचाही प्रश्न आहे. हलवण्याजोगा असेल तर टप्प्याच्या आत, भिंतीकडे सरकवून पक्का बसवा. हलत नसेल तर खडूने फुली मारा, वाट बाजूने घ्या, खाली आल्यावर गावात आणि त्या वाटेवर जाणाऱ्या गटांना सांगा. खडूची फुली पहिल्या पावसात जाते, तेव्हा पुढच्या हंगामात पुन्हा पाहावं लागेल.

याच पत्रात, कोकणकड्यावरून दगड टाकून आवाज किती सेकंदांनी येतो ते मोजण्याबद्दलही विचारलं आहे. तो खेळ कोणीही, कधीही करू नये. त्या कड्यावर आरोहक असतात आणि खालच्या रानात गावची माणसं वावरतात. असा दगड टाकताना कोणी दिसलं तर त्याचा हात धरा.